इंदूर–मुंबई विमानप्रवास: वेळ मोजताना या चुका टाळा

भाच्याची मुंज डोंबिवलीला होती, मुहूर्त सकाळी १० वाजून ४२ मिनिटांचा. तिकिटावर मुंबईला उतरायची वेळ होती ८.२५, म्हणून मी निर्धास्त होतो. पट्ट्यावर बॅग यायलाच नऊ वाजले, पुढे टॅक्सी गर्दीत अडकली. कार्यालयात शिरलो तेव्हा मंगलाष्टकं संपत आली होती. बटूच्या केसांना कात्री लावायचा मामाचा मान चुलतमामाने सांभाळला होता. बहीण काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

माझी चूक बऱ्याच जणांकडून होते: तिकिटावरची वेळ म्हणजेच प्रवासाची वेळ, असं आपण धरतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे अंतराला वेगाने भागणं. इंदूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ५०५ किलोमीटर. जेट ताशी ८०० ने जातं, म्हणजे चाळीस मिनिटांच्या आत पोचायला हवं. मग तिकिटावर सव्वा-दीड तास का? कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं आणि उतरणं यातच बराच वेळ जातो. एवढ्या छोट्या पल्ल्यात पूर्ण वेगाने उडायला फारसं मिळतच नाही. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. रांग लागली की आकाशात घिरट्या आल्याच. विमान पंख्याचं, एटीआर असेल तर वेगही ताशी ५०० च्या आसपास. तिकीट काढताना विमानाचा प्रकार जरूर बघा.

अंतर शोधताना कुठे २७३ असा आकडा दिसला तर दचकू नका. ते सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

पुणं मुंबईपेक्षा लांब, हाही गैरसमजच. हवाई अंतर पुण्याचंही साधारण ५०० किलोमीटरच आहे. कार्य पुण्यात असेल तर थेट विमान आधी बघा. स्वस्त म्हणून मुंबईला उतरलात, तर पुढे रस्त्याने दीडशे किलोमीटर आहेतच.

आता ‘मुंबई’ म्हणजे नेमकं कुठे, हेही तपासावं लागतं. टर्मिनल १ सांताक्रूझकडे, टर्मिनल २ सहारला, आणि डिसेंबर २०२५ पासून पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकिटावर विमानतळाचा कोड बीओएम (BOM) असेल तर जुना, एनएमआय (NMI) असेल तर नवा.

इंदूरच्या बाजूलाही वेळ लागतो. बडा गणपती ओलांडला, बिजासनची टेकडी दिसली, की आपण पोचलोच असं वाटतं. पण बॅगा घेणारा काउंटर साधारणपणे विमान सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट २५ मिनिटं आधी. दोन तास आधी पोचा. डिसेंबर-जानेवारीत आपलं विमान कुठून येणार आहे तेही अॅपवर बघा. दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं विमान इंदुरात वेळेवर यायचं नाही.

दुबईला जाणाऱ्यांनी तिथलं घड्याळ दीड तास मागे असतं हे लक्षात घ्यावं. सुटायची वेळ इथली आणि पोचायची तिथली छापलेली असते. नुसती वजाबाकी केली तर प्रवास दीड तासाने कमी दिसतो.

धाकट्या भाच्याची मुंज आता वैशाखात आहे, डोंबिवलीलाच. मी आदल्या दिवशी दुपारचं विमान घेतलंय.