संगीन घासण्याआधी तिच्यावरचे शिक्के वाचा : जुन्या संगिनी जमवताना या चुका टाळा

गणपतीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरून कधीकधी गोणपाटात गुंडाळलेली एखादी संगीन, म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावायचं पातं, खाली येते. आपल्या कोकणात याचं नवल नाही. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे आपल्या माणगाव तालुक्यातलेच.

संगीन हातात आली की घरातलं कुणीतरी पॉलिश पेपर शोधायला धावतं. यापेक्षा मोठी चूक नाही. माझी पहिली संगीन मीसुद्धा चिंच लावून, पेपर मारून आरशासारखी लख्ख केली होती. परजेवर, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या पट्टीवर, बारीक ठशांत पलटणीची अक्षरं आणि क्रमांक होता, तो अर्धा घासून गेला. ती कुणाच्या शस्त्रागारातली होती हे त्या अक्षरांवरून कळलं असतं. आता ते कधीच कळणार नाही, आणि याची खंत अजून जात नाही.

१९०७ हे बनावटीचं वर्ष नव्हे

आपल्याकडे सगळ्यांत जास्त सापडते ती ली-एनफिल्ड रायफलची लांब संगीन, १७ इंची पात्याची. दापोलीकडच्या एका घरात आजोबांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “ही १९०७ची हाय. कमी पैशात नाय सोडायचा.” मी म्हटलं, “आजोबा, खालची ओळ पण वाचूया.” मुठीलगतच्या सपाट भागावर ओल्या फडक्याचा एक हात फिरवला, बॅटरीचा उजेड तिरका पाडला. वर मुकुट, त्याखाली जीआर म्हणजे राजा जॉर्ज, त्याखाली १९०७. हे संगिनीच्या नमुन्याचं वर्ष. त्याखाली ९ आणि १७, म्हणजे सप्टेंबर १९१७, आणि शेवटी कारखान्याचं नाव, विल्किन्सन. पातं उलटलं तर तिथे सरकारी मालकीचा बाण आणि पातं वाकवून तपासल्याची फुली. आजोबांनी चष्मा लावून एकेक खूण बोटाने चाचपली.

अशा संगिनी लाखोंनी बनल्या. त्यामुळे नुसतं वय मोठं म्हणून किंमत चढत नाही. कारखाना बघा. विल्किन्सन आणि सँडरसनच्या पुष्कळ मिळतात, व्हिकर्सची क्वचित दिसते. आरएफआय अशी अक्षरं असली तर ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली. दोन बाण टोकाला टोक लावून उमटवलेले दिसले तर समजा, माल लष्कराने सेवेतून काढून विकलेला आहे.

आकड्याची संगीन

या नमुन्याच्या सुरुवातीच्या संगिनींच्या परजेला खाली वळलेला आकडा (हुक) होता. १९१३ मध्ये तो बंद झाला आणि आधीच्या बऱ्याच संगिनींचे आकडे लष्करानेच कापून टाकले. म्हणून मूळ आकडा असलेली संगीन दुर्मीळ, आणि म्हणूनच साध्या संगिनीला आकडा जोडून विकणारेही आहेत. वर्ष आणि आकडा यांचा मेळ बसतो का ते आधी पाहा. १९१७ची संगीन आणि तिला आकडा, हे जमतच नाही. मग परज भिंगाखाली धरा. मूळ आकडा परजेसकट एकाच तुकड्यातून घडवलेला असतो. जोडलेल्याला वेल्डिंगची रेघ असते, नाहीतर त्या जागी धातूचा रंग वेगळा पडतो. मुठीच्या टोकाजवळचं आरपार भोक १९१६ पासून आलं. जुन्या संगिनींनाही ते दुरुस्तीत पाडलं गेलं, म्हणून नुसत्या भोकावरून निकाल देऊ नका.

उलटी चूकही होते. १२ इंची आखूड पातं बघून लोक म्हणतात, कुणीतरी लोहाराकडून कापून आणलेलं दिसतंय, टाकून द्या. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातल्या लष्करी कारखान्यांनीच लांब पाती कापून आखूड केली. अशा पात्याची पन्हळ, म्हणजे पात्यावरची लांब खोलगट चर, थेट टोकापर्यंत जाते. टोक नीट घडवलेलं असेल आणि म्यानही त्याच मापाचं असेल तर ती आपल्याच लष्कराच्या इतिहासाचा तुकडा आहे, जपून ठेवा. (ती पन्हळ रक्त वाहून जायला असते, ही ऐकीव गोष्ट. तिने पातं हलकं होतं आणि ताठही राहतं.)

तिकोनी, नळीने बंदुकीवर बसणाऱ्या संगिनीला ‘शिवकालीन’ म्हणून विकलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं. तिच्यावर इंग्रजी शिक्के दिसले की ती गोष्ट तिथेच संपली.

म्यान, फोटो, पलटणीचे कागद, पदक हे सगळं एकत्र ठेवा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक एका भावाकडे, संगीन दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली की दोन्हींची किंमत पडते.

घेण्याआधी कायदाही विचारा. ९ इंचांहून लांब पात्याची संगीन शस्त्र नियमांच्या यादीत येते. परवाना लागेल की नाही हे त्या भागासाठी निघालेल्या अधिसूचनेवर ठरतं, तेव्हा पोलीस ठाण्यात चौकशी करा. शंभर वर्षं उलटलेली वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. ती परदेशातल्या नातेवाइकांना पाठवू नका.

खारा वारा आणि पावसाळा

समुद्राकाठी तांबेरा थांबत नाही, त्याला रोखून धरावं लागतं. काळा पडलेला जुना थर तसाच राहू द्या. लाल, भुकटीसारखा तांबेरा तेवढाच काढायचा. त्यावर शिलाई मशीनचं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी जुन्या भोकाच्या पैशाच्या कडेने हलकेच खरवडा. हा पैसा कांशाचा, आणि कांसं पोलादापेक्षा मऊ असतं, पात्यावर ओरखडा उठत नाही. शिक्क्यांवर मात्र पैसाही चालवू नका. खोबरेल लावू नका, ते कालांतराने चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते.

चामडी म्यान ओल धरतं आणि आतल्या आत पातं खातं. म्हणून मृग लागण्याआधी संगीन म्यानातून काढून, तेलाचा हात फिरवून, सुती कापडात वेगळी ठेवा. दसऱ्याला पूजेत मांडली तर हळदकुंकू आणि झेंडूचा ओलावा त्याच संध्याकाळी पुसा, सकाळपर्यंत थांबू नका.