कॅफीन कमी करायचं तर दिवसाच्या शेवटच्या कपापासून

औषधाच्या दुकानात काउंटरला उभं राहिलं की दिवसातून कुणीतरी हळू आवाजात विचारतंच, ‘झोपेसाठी काही आहे का?’ चिठ्ठीशिवाय ती गोळी मी देत नाही, पण शेवटचा चहा किंवा कॉफी किती वाजता झाली, हे मात्र विचारते. चार, साडेपाच, कधी जेवणानंतरसुद्धा. आणि लगेच पुढचं वाक्य येतं, ‘पण मला कॉफीने काही होत नाही हो, पडल्या पडल्या झोप लागते.’

लागत असेल. पण हिशेब बघा. अंगातलं निम्मं कॅफीन निघून जायला प्रौढ माणसात साधारण पाच तास लागतात. दुपारी चारला मगभर कॉफीतून 100 मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री नऊला 50 आणि मध्यरात्रीनंतर दोनला 25 मिलिग्रॅम रक्तात फिरतंच आहे. हा आकडाही माणसागणिक बदलतो. कुणाचं दोन तासांत निम्मं होतं, कुणाला नऊ तास लागतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तर एकूण झोप तासाभराहून जास्त घटली. गंमत म्हणजे झोप मोजणाऱ्या यंत्रावर घट दिसत होती, पण ती त्या लोकांना स्वतःला नीटशी जाणवली नव्हती. म्हणून ‘मला काही होत नाही’ यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. झोप लागणं वेगळं आणि ती खोल असणं वेगळं.

याचं कारण मेंदूत आहे. आपण जागे असताना तिथे अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की पेंग येते. कॅफीन त्याच जागा आधी अडवून बसतं. थकवा कुठेही गेलेला नसतो, त्याची वर्दी तेवढी पोचत नाही. रोज कॅफीन मिळायला लागलं की मेंदू तशा जागा वाढवतो. मग एकदम बंद केलं की सगळं अ‍ॅडिनोसिन एका दमात येऊन बसतं आणि डोकं ठणकायला लागतं.

तेव्हा सोडण्याआधी आठवडाभर फक्त लिहून ठेवा. काय घेतलं, किती आणि किती वाजता. अंदाज असा धरा: 240 मिलिलिटर कॉफीत 95 मिलिग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच चहात साधारण निम्मं, 250 मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकमध्ये बहुधा 80, कोलाच्या 355 मिलिलिटरच्या कॅनमध्ये पस्तीसच्या आगेमागे. ग्रीन टीमध्ये असतं, डार्क चॉकलेटमध्ये असतं, डीकॅफमध्येही, म्हणजे कॅफीन काढून घेतलेल्या कॉफीतही, थोडं असतंच. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 पर्यंत चालतं असं म्हणतात, पण ती मर्यादा सर्वसाधारण तब्येतीसाठी सांगितलेली आहे. तुमची झोप त्यात शाबूत राहील याची हमी त्यात नाही.

या यादीत लोक एक गोष्ट हमखास विसरतात, आणि ती माझ्या मागच्या फळीवर असते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये वेदनाशामकाबरोबर कॅफीन घातलेलं असतं, गोळीमागे 65 मिलिग्रॅमसुद्धा. दोन गोळ्या घेतल्या की एका मग कॉफीपेक्षा जास्त झालं. आता कॅफीन सोडणाऱ्याचं बघा. दुसऱ्या दिवशी डोकं धरतं, तो नेहमीची गोळी घेतो आणि अर्ध्या तासात एकदम मोकळं वाटतं. वाटणारच, जे सोडलं होतं तेच पोटात गेलं! म्हणून पाकिटावरचे घटक वाचा. गोळी लागलीच तर साधं पॅरासिटामॉल घ्या, तेही सांगितलेल्या मात्रेतच.

आता कमी कसं करायचं. सुरुवात दिवसाच्या शेवटच्या कपापासून करा. सकाळचा पहिला कप शेवटी. बरेचजण उलटं करतात, सकाळी निर्धार करतात आणि संध्याकाळी मोडतात, म्हणजे झोपेचं नुकसान होतं तसंच राहतं. शेवटचा कप गेला की तीन-चार दिवस तिथेच थांबा, मग त्याच्या आधीचा. उरलेल्याची मात्रा पावपावाने उतरवा. कॉफी असेल तर नेहमीच्या पुडीत डीकॅफ मिसळत जा. चहा असेल तर पत्ती कमी घाला आणि कमी वेळ उकळा. ‘पहिलं पाणी ओतून दिलं की कॅफीन जातं’ असं सांगणारे भेटतील. अर्ध्या मिनिटाच्या पाण्यात थोडंसंच जातं, बाकीचं तुमच्या कपात येतं.

माझा स्वतःचा सुटता न सुटणारा कप संध्याकाळचा होता, दुकानात गर्दी सुरू व्हायच्या आधीचा. तो कमी करताना लक्षात आलं की मला हवी होती ती पाच मिनिटांची बैठक. ती ठेवली, कपात गरम पाणी घेतलं. पहिले काही दिवस अगदी बेचव, खोटं का सांगू. सहकारी हसायचे.

एकदम बंद केलंत तर त्रास बहुधा बारा ते चोवीस तासांत सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत सर्वात जास्त असतो आणि नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकतो. डोकेदुखी, मरगळ, चिडचिड, कामात लक्ष न लागणं. हे मनाचे खेळ नाहीत, 2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकी निदानसूचीत त्याची रीतसर नोंद आहे. सुट्टीच्या दिवशीच डोकं दुखणाऱ्यांनी तर स्वतःकडे जरा संशयाने बघावं, कामाच्या दिवशीची कॉफी त्या दिवशी उशिरा झालेली असते. म्हणून परीक्षा, लांबचा प्रवास किंवा कामाची धामधूम असलेला आठवडा यासाठी निवडू नका. दुपारी पेंग अनावर झाली तर वीस मिनिटं आडवे व्हा, पण तीनच्या आत. आणि रात्री बदली म्हणून दारू नको. तिने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

काही जणांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगाने निघून जातं. त्याने सिगारेट सोडली की तोच वेग मंदावतो, आणि नेहमीच्याच दोन कपांनी हात थरथरतात, झोप उडते. तो दोष सिगारेट सोडण्याला देतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅफीन अंगात साधारण दुप्पट वेळ टिकतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत निम्मं व्हायला पंधरा तासही लागू शकतात, आणि गरोदर बायकांना दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविकही कॅफीन बाहेर पडण्याचा वेग कमी करतं.

फरक पडला का, हे ठरवायला पूर्ण उतरवल्यानंतर दोन-तीन आठवडे द्या. सकाळी उठल्यावर तीन गोष्टी लिहा: किती वाजता पडलात, किती वेळा जाग आली, उठताना कसं वाटलं. मनगटी घड्याळातल्या ‘गाढ झोपे’च्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, तो अंदाज असतो. आणि काहीच बदललं नाही, तर कारण कपात नव्हतं. घोरताना श्वास अडकत असेल, पाय सारखे हलवावेसे वाटत असतील किंवा आठवड्यातून तीन रात्री झोप न येण्याला तीन महिने झाले असतील, तर डॉक्टरांकडे जा. जुनाट निद्रानाशावर गोळीआधी वर्तनोपचार, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याचा उपचार, करावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्येच सांगितलं आहे.

झोप सुधारली आणि सकाळचा कप परत हवासा वाटला, तर घ्या. एकच, दहाच्या आत, आणि आठवडाभर वहीत बघा. नोंदी तशाच राहिल्या तर तो कप तुमचा. माझा राहिला. माझ्या ताईचा नाही राहिला, तिने पहिल्या चार रात्रींतच सोडला आणि आता मला पिताना बघून नाक मुरडते.