माळ्यावरचा सीडी प्लेअर पुन्हा वाजला

जळगावच्या घरी माळा आवरताना वडिलांचा जुना सीडी प्लेअर सापडला. ट्रे उघडेना. आतला रबरी पट्टा सैल झाला होता. तो बदलला, पण पडद्यावर 'नो डिस्क'. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लेझरने डिस्क वाचणारं भिंग अगदी हलक्या हाताने पुसलं. (वायर काढूनच करा, लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करतो.)

आता वाजायला लागला, पण सातव्या गाण्यापासून अडखळायचा. इथे डोकं खाजवलं. सीडी आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते, म्हणजे भिंग बाहेर सरकतानाच अडत होतं. ते ज्यावर सरकतं त्या रुळावरचं ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं. खान्देशचा उन्हाळा, त्यात पत्र्याखालचा माळा, दुसरं काय होणार! खरवडून नवं पांढरं ग्रीस बोटभर लावलं.

मग तबल्याची सीडी लावली. ब्लूटूथ स्पीकरला सहसा आवाजातला काही भाग गाळून, लहान करून पाठवला जातो. सीडीत मात्र सेकंदाला 44,100 वेळा मोजलेली आवाजाची सगळी माहिती (16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ) तशीच असते. डग्ग्याची घुमारी खोलीभर फिरली. स्वयंपाकघरातून काकू ओरडली, "काय व्हयनं रे?" भरीत परतायचं सोडून ती दारात येऊन उभी राहिली.