कार्ड नंबर हाताने टाकून पैसे घेताय? या चुका टाळा

तारकर्ली, देवबाग, गुहागर, दिवेआगर या पट्ट्यात घरच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देणाऱ्यांकडेही आता स्वाइप मशीन दिसतं. पाहुणा समोर असेल तर प्रश्न नाही. घोळ होतो तो कार्ड समोर नसताना. पाहुणा मस्कतला असतो आणि ॲडव्हान्ससाठी फोनवरून नंबर सांगतो, किंवा बुकिंग साइट व्हर्च्युअल कार्ड पाठवते, म्हणजे त्या बुकिंगपुरता काढलेला, प्लास्टिकचं कार्ड नसलेला नंबर. मग मशीनवर किंवा पेमेंट सॉफ्टवेअरमध्ये सगळे आकडे आपणच टाकायचे.

सर्वांत आधी बघा, कार्ड भारतातलं की परदेशातलं. आपल्या बँकांच्या कार्डांवर ऑनलाइन व्यवहार करताना २००९ पासून रिझर्व्ह बँकेने दुसरी खातरजमा सक्तीची केली आहे, म्हणजे बहुतेक वेळा ओटीपी. हाताने नंबर टाकताना तो ओटीपी येऊन पडायला जागाच नसते, त्यामुळे व्यवहार नाकारला जातो. अशा वेळी पाहुण्याला फोन करून ओटीपी विचारू नका. भामटे जे करतात तेच आपण करू लागलो, तर लोकांनी खरं कोणाला मानायचं? सरळ पेमेंट लिंक पाठवा. नंबर आणि ओटीपी दोन्ही पाहुणा स्वतःच्या मोबाइलवर टाकेल. हाताने नोंद करण्याची सोय मुख्यतः परदेशी कार्डांसाठी आणि व्हर्च्युअल कार्डांसाठी वापरायची, तीही आपल्या बँकेने ती चालू करून दिली असेल तरच.

मशीन ‘डिक्लाइन’ म्हणतं तेव्हा

नाकारलं की लगेच पुन्हा तोच नंबर दाबत बसू नका, आधी कोड वाचा. १४ म्हणजे नंबर चुकला. कार्डाचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा जरी चुकला तरी सॉफ्टवेअरला कळतं. व्हिसा ४ ने सुरू होतं, मास्टरकार्ड ५ किंवा २ ने. अमेरिकन एक्सप्रेसचे आकडे १५ असतात आणि त्याचा चार आकडी सुरक्षा कोड (सीव्हीव्ही) पुढच्या बाजूला असतो. इतर कार्डांसारखे मागच्या बाजूचे तीन आकडे मागत बसलात तर तो व्यवहार होणारच नाही. ५४ आला तर मुदत तपासा. महिना आधी, वर्ष नंतर. ५१ म्हणजे पैसे किंवा मर्यादा अपुरी. ५८ म्हणजे या मशीनला असा व्यवहार करायची परवानगी नाही, तेव्हा बँकेलाच फोन लावावा लागेल.

व्हर्च्युअल कार्ड नाकारलं जाण्याचं कारण बऱ्याचदा साधं असतं: ते चालू व्हायची तारीखच आलेली नसते. बुकिंगच्या तपशिलात ती तारीख, चलन आणि नेमकी रक्कम लिहिलेली असते. त्याहून एक रुपया जास्त टाकला तरी कार्ड चालत नाही.

रकमेचंही तसंच. अनेक मशीनवर शेवटचे दोन आकडे पैशांचे धरतात. ४५०० दाबलं की पडद्यावर ४५.०० दिसतं. हिरवं बटण दाबण्याआधी पडद्यावरची रक्कम मोठ्याने वाचा. चूक त्याच दिवशी, बॅच सेटल होण्याआधी (म्हणजे दिवसभराचे व्यवहार बँकेकडे हिशेबाला जाण्याआधी) लक्षात आली तर व्यवहार ‘व्हॉइड’, म्हणजे रद्द, करता येतो. सेटल झाल्यावर रिफंडच करावा लागतो.

पावसाळ्यात वीज जाते, रेंज जाते, आणि नोंद मधेच लटकते. दोनदा पैसे कापले जातात ते याच वेळी. पुन्हा नोंद करण्याआधी व्यवहारांची यादी उघडा, कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम आणि वेळ जुळवा. यशस्वी दिसत असेल तर थांबा. भारतातल्या बँकेच्या कार्डावरून पैसे कापले गेले पण आपल्याकडे पुष्टी आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. पाहुण्याला हे सांगा आणि बारा आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) पाठवा, म्हणजे त्याची बँक शोध घेऊ शकेल.

वहीतला तो रकाना

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते. काउंटरवरच्या लांब वहीत नाव, गाव, खोली, आणि शेवटच्या रकान्यात अख्खा कार्ड नंबर, मुदत, सीव्हीव्ही. दुपारी सगळे जेवायला आत गेले की वही तशीच उघडी. मोबाइलने एक फोटो काढायला किती वेळ लागतो? व्हॉट्सॲपवर आलेल्या कार्डाच्या फोटोचंही तेच. व्यवहार झाल्यावर सीव्हीव्ही कुठेही ठेवायचा नाही, कागदावरसुद्धा नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर ऑनलाइन पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्याला पूर्ण नंबर साठवताच येत नाही. हिशेबासाठी शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव पुरतं. जुनी पानं फाडा, बारीक तुकडे करा.

त्याऐवजी बुकिंगचा ईमेल, रद्द करण्याच्या अटींना पाहुण्याने दिलेला होकार आणि परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला देण्यासाठी २४ तासांत भरलेला फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) जपून ठेवा. हाताने टाकलेल्या व्यवहारात कार्डधारक ‘हा खर्च माझा नाही’ म्हणाला तर नुकसान बहुधा आपल्यालाच सोसावं लागतं, आणि तेव्हा हेच कागद कामी येतात. उरलेली रक्कम पाहुणा आल्यावर कार्ड मशीनमध्ये घालूनच घ्या.

वादळाच्या इशाऱ्याने बुकिंग रद्द झालं, तर पैसे त्याच कार्डावर परत करा. यूपीआयने किंवा रोख दिलेत आणि पुढे त्याच रकमेवर बँकेत तक्रार गेली, तर तुमच्या खिशातून दोनदा पैसे जातील.