एएचयूचा पत्ता हरवू नये म्हणून

हिंजवडीतल्या एका ऑफिसात रात्री लाइट गेली, पहाटे आली, आणि पाचव्या मजल्याचा एएचयू, म्हणजे एसीची हवा खेळवणारं मोठं यंत्र, देखरेखीच्या स्क्रीनवरून गायब. पॅनल उघडलं तर ते चालवणारा कंट्रोलर ठणठणीत, दिवे लुकलुकताहेत. दोन तास केबल तपासण्यात घालवल्यावर उमगलं: तो डीएचसीपीवर, म्हणजे नेटवर्ककडून आपोआप पत्ता घेण्यावर, राहिला होता. राउटरने त्याला नवा आयपी पत्ता दिला आणि जुन्यावर प्रिंटर येऊन बसला. कमिशनिंग (यंत्रणा जोडून चालू करून देणं) माझंच, शिव्या कुणाला घालू?

तेव्हापासून लॅपटॉप जोडायच्या आधी सगळ्या पत्त्यांची एक्सेल शीट. आयटीवाल्यांकडे वेगळा व्हीलॅन, म्हणजे फक्त आपल्या कंट्रोलरांसाठी नेटवर्कचा वेगळा कप्पा, मागायचा. नाहीच मिळाला, तर डीएचसीपीच्या पूलबाहेरचे (आपोआप वाटायच्या पत्त्यांबाहेरचे) पत्ते मेलवर लिहून घ्यायचे. तोंडी 'हो' साहेबांच्या बदलीबरोबर जातं. पूल १०० पासून सुरू होत असेल तर मी मजला आणि नंबर जोडतो: पाचव्या मजल्याचा तिसरा कंट्रोलर १९२.१६८.१०.५३. रात्री दोनला फोन आला तरी आठवतं.

पत्ता टाकण्याआधी पिंग करा, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून बघा. उत्तर आलं नाही म्हणजे जागा रिकामी, असं मात्र नाही. काही मशिन पिंगला दाद देत नाहीत. लगेच त्याच लॅपटॉपवर एआरपीची यादी (कुठल्या आयपी पत्त्यावर कुठलं मशिन, ती) बघा. तिथे त्या पत्त्यापुढे मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) दिसला, तर कुणीतरी ठाण मांडून बसलंय. सबनेट मास्क आणि गेटवे आयटीकडून आलेलेच टाका.

आयटी रिझर्व्हेशनवरच, म्हणजे डीएचसीपीनेच त्या मॅकला कायम तोच पत्ता देण्यावर, अडून बसली तर चालेल. पण कार्ड जळून नवं बसवलं की मॅक बदलतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

बॅकनेट ही कंट्रोलरांची आपसातली भाषा; तिच्यातला डिव्हाइस इन्स्टन्स, म्हणजे कंट्रोलरचा ओळख क्रमांक, आयपी पत्त्यापेक्षा वेगळा. ० ते ४१९४३०२ मधला कुठलाही द्या, पण अख्ख्या साइटवर एकदाच. एका कंट्रोलरचा बॅकअप दुसऱ्यात ओतताना इथेच घोळ होतो.

एमएस/टीपीच्या लाइनवर (कंट्रोलर एकाच वायरीवर ओळीने जोडायची बॅकनेटची पद्धत) पत्ता लावायला कंट्रोलरवर डिप स्विच, म्हणजे छोटी बटणं, असतात. चालू बटणांच्या आकड्यांची बेरीज म्हणजे पत्ता: ३७ हवा तर ३२, ४ आणि १ चालू. मास्टरचे (लाइनवर स्वतःहून बोलू शकणाऱ्या कंट्रोलरांचे) पत्ते १२७ पर्यंतच, आणि मॅक्स मास्टर, म्हणजे कुठल्या पत्त्यापर्यंत शोधायचं ती सेटिंग, सगळ्यात मोठ्या पत्त्यापेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर त्यापुढचे कंट्रोलर लाइनवर येतच नाहीत. स्विच हलवल्यावर पॉवर बंद-चालू करा. बरेच कंट्रोलर स्विच फक्त चालू होताना वाचतात.

शेवटी पॅनलचा एमसीबी (मेन स्विच) पाडून पुन्हा चढवा. सगळे आपापल्या पत्त्यावर परतले, की पॅनलच्या दाराला आतून पत्त्यांचं स्टिकर. बाहेरून लावलेलं हाउसकीपिंगवाले पुसून टाकतात.