सोयाबीनची आवक सुरू होण्याआधी: सर्व्हरवरच्या उघड्या फाइलींची तयारी

दसऱ्याला लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची आवक वाढली, की काट्याच्या पावत्या वाचून आडतनिहाय हिशेब लावणारा प्रोग्राम दिवाळी होईपर्यंत बंद करायला कुणी धजत नाही. म्हणून तपासायचं ते आत्ताच. लिनक्समध्ये प्रोग्रामने उघडलेल्या प्रत्येक गोष्टीला एक आकडा मिळतो, तोच फाइल डिस्क्रिप्टर. यात नुसत्या फाइली येत नाहीत. डेटाबेसचं कनेक्शन, दुसऱ्या प्रोग्रामशी जोडणारा पाइप, नेटवर्कचं सॉकेट सगळं त्याच मोजणीत. नेहमीची मर्यादा 1024 असते, ती भरली की एरर 24, ‘टू मेनी ओपन फाइल्स’.

पहिली सूचना सगळे देतात ती मर्यादा वाढवण्याची. वाढवा, पण गळती असेल, म्हणजे उघडलेल्या फाइली बंदच होत नसतील, तर ते आजचं मरण उद्यावर ढकलणं झालं. आधी प्रोग्रामचा प्रोसेस नंबर घ्या आणि ‘/प्रोक’मधल्या त्याच्या ‘एफडी’ फोल्डरात किती नोंदी आहेत ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजून वहीत लिहा. काम तेवढंच असून आकडा चढतच असेल, तर नोंदी कुठे बोट दाखवतात ते बघा. एकच फाइल चाळीस वेळा दिसली, तर चोर सापडला. बहुतेकदा तो चुकीच्या पावतीपाशी असतो: वजनाच्या जागी अक्षरं आली, प्रोग्राम अपवाद (एक्सेप्शन) फेकून पुढच्या पावतीकडे गेला आणि फाइल बंद करणारी ओळ चाललीच नाही. पायथनमध्ये ‘विथ’, जावात ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ वापरलं की फाइल आपोआप बंद होते आणि हा प्रश्न मिटतो.

गळती नसतानाही प्रत्येक आडतीची फाइल दिवसभर उघडी ठेवायची सवय महागात पडते. नुकत्याच वापरलेल्या शंभरेक उघड्या ठेवा, जुन्या बंद करा, लागली की ‘अपेंड’मध्ये, म्हणजे शेवटी भर घालण्यासाठी, पुन्हा उघडा. वेग फारसा कमी होत नाही.

जुनी लायब्ररी कुठल्या डिस्क्रिप्टरवर डेटा आला ते बघायला ‘सिलेक्ट’ वापरत असेल, तर मर्यादा वाढवूनही 1024च्या पुढचे डिस्क्रिप्टर तिला झेपत नाहीत. तिथे ‘पोल’ किंवा ‘ईपोल’च हवं.

डिस्क भरली म्हणून कुणी मोठी लॉग फाइल उडवली आणि जागा मोकळी झालीच नाही, असं झालं तर चक्रावू नका. प्रोग्रामने ती धरून ठेवलेली असते. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ला ‘+एल1’ देऊन अशा फाइली शोधा.

राहिली लाइट. ती जाते, इन्व्हर्टरही दम तोडतो, आणि सर्व्हर परत उठतो तेव्हा मर्यादा वाढवायला तुम्ही टर्मिनलवर मारलेलं ‘युलिमिट’ कुठेच नसतं. म्हणून मर्यादा सिस्टमडीच्या (सर्व्हर सुरू होताना प्रोग्राम उठवणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिस फाइलमध्ये ‘लिमिटनोफाइल’ लिहून द्या आणि हंगामाआधीच्या एखाद्या रविवारी स्वतः रीबूट करून प्रोसेसच्या ‘लिमिट्स’ फाइलमध्ये ‘मॅक्स ओपन फाइल्स’ची ओळ वाचा. तरीही 1024च दिसलं, तर बहुधा वाढवलेला आकडा कुणीतरी सर्व्हिस फाइलऐवजी ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’मध्ये टाकलाय, ती फाइल लॉगिन करणाऱ्या माणसाला लागू होते, सिस्टमडीने उठवलेल्या सर्व्हिसला नाही.