गिटार कॅबिनेटमध्ये दोन जातीचे स्पीकर बसवताना या चुका टाळा

टू-बाय-ट्वेल्व्ह (१२ इंची दोन स्पीकरच्या) कॅबमध्ये सेलेस्टियन कंपनीच्या व्हिंटेज ३० शेजारी त्यांचाच ग्रीनबॅक बसवला, जॅक लावला, आणि आवाज भरण्याऐवजी पातळ झाला. मग ‘ही जोडी जमत नाही’ म्हणून एक स्पीकर विकायला काढला जातो. बहुतेक वेळा त्या स्पीकरचा काही दोष नसतो. एखादी वायर उलटी लागलेली असते, ओहमचं (स्पीकरच्या विद्युत रोधाचं) गणित चुकलेलं असतं, नाहीतर एक स्पीकर मुळातच दुसऱ्यापेक्षा मोठ्याने वाजणारा असतो. त्यामुळे टोनवर वाद घालण्याआधी मल्टिमीटर आणि एक बॅटरी हाताशी घ्या.

पोलॅरिटी न तपासणे

पोलॅरिटी म्हणजे धन-ऋण टोकांची जोडणी. सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात लवकर सुटणारी चूक हीच. एका स्पीकरचा कोन (हलणारा कागदी पडदा) पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात असेल, तर खालच्या स्वरांत दोघं एकमेकांचा आवाज खातात. बेस गायब होतो, मिड्स (मधले स्वर) पोकळ वाटतात, आणि कॅबसमोर दोन पावलं सरकलं तरी टोन बदलतो. अ‍ॅम्पवर बेसचं बटण कितीही फिरवलं तरी हे भरून येत नाही.

तपासणी अशी. स्पीकर केबलचं एक टोक कॅबमध्ये लावा आणि दुसऱ्या टोकाच्या जॅकला ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा: धन टोक जॅकच्या टिपला, ऋण टोक दांड्याला. लगेच काढा, धरून ठेवू नका. सगळे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. ग्रिलचं कापड जाड असेल तर टॉर्च तिरका धरा, नाहीतर मागची फळी काढा. एखादा उलटा हलला तर फक्त त्याच्याच दोन वायरींची अदलाबदल करा. टर्मिनलवरच्या लाल खुणेवर डोळे मिटून विश्वास नको. जेबीएलच्या जुन्या स्पीकरमध्ये लाल टर्मिनलला धन व्होल्टेज दिलं की कोन मागे जातो. त्यामुळे लालला लाल जोडूनही उलटी जोडणी होते.

वेगवेगळे ओहम एकत्र जोडणे

८ आणि १६ ओहमचे स्पीकर पॅरलल (धनला धन, ऋणला ऋण) जोडले की एकूण ५.३ ओहम होतात. आकडा विचित्र आहे, पण खरी अडचण पुढे आहे. ८ ओहमवाला दोन तृतीयांश पॉवर घेतो आणि १६ ओहमवाल्याला एक तृतीयांश उरते. सिरीजमध्ये (एकामागून एक जोडले तर) हेच उलटं होतं. म्हणजे मिश्रण तुमच्या कानाने ठरण्याऐवजी वायरिंगने ठरलं. एका कॅबमधले सगळे स्पीकर एकाच ओहमचे घ्या.

टू-बाय-ट्वेल्व्हसाठी आमची शिफारस स्पष्ट आहे: दोन्ही १६ ओहमचे घ्या आणि पॅरलल जोडा. एकूण ८ ओहम मिळतात, आणि ८ ओहमचं आउटपुट बहुतेक अ‍ॅम्पवर असतंच. शिवाय पॅरललमध्ये प्रत्येक स्पीकरला पूर्ण व्होल्टेज मिळतं. सिरीजमध्ये एकाचा इम्पीडन्स (वाजताना होणारा रोध) स्वराप्रमाणे वरखाली झाला की दुसऱ्याच्या वाट्याची पॉवरही हलते. आणि सिरीजमधला एक कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) तुटला की सगळं सर्किटच तुटतं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प लोडशिवाय (स्पीकर जोडलेला नसताना) वाजत राहिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो खर्च स्पीकरच्या किमतीवर थांबत नाही.

फोर-बाय-ट्वेल्व्हमध्ये दोन-दोनच्या सिरीज जोड्या करून त्या पॅरलल लावतात. १६ ओहमचे चार असतील तर एकूण १६, ८ ओहमचे चार असतील तर ८. काम झाल्यावर जॅकवर मल्टिमीटर लावून बघा. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, म्हणून आकडा छापील ओहमपेक्षा कमी येतो: ८ ओहमला साधारण ६ ते ७, १६ ओहमला १२ ते १४. छापील आकड्याच्या दुप्पट किंवा निम्मं दिसलं तर जोडणी चुकली आहे. काहीच रीडिंग आलं नाही तर कुठेतरी सर्किट तुटलेलं आहे, अ‍ॅम्प सुरू करू नका.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा नियम वेगळा. त्याला जास्त ओहम चालतात, फक्त पॉवर कमी मिळते. मागे लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली मात्र जायचं नाही.

वॅटची बेरीज करणे

२५ वॅटचा ग्रीनबॅक आणि ६० वॅटचा व्हिंटेज ३० मिळून कॅब ८५ वॅटची होत नाही. पॉवर दोघांत समान वाटली जाते, म्हणून सर्वात कमजोर स्पीकरला स्पीकरच्या संख्येने गुणायचं: २५ गुणिले २, म्हणजे ५० वॅट. त्यावर ५० वॅटचा व्हॉल्व्ह हेड (स्पीकर नसलेला सुटा अ‍ॅम्प) लावून पूर्ण उघडलात तर तेही पुरत नाही, कारण डिस्टॉर्शनमध्ये गेलेला अ‍ॅम्प छापील आकड्यापेक्षा बरीच जास्त पॉवर फेकतो. व्हॉइस कॉइल जळण्याची ही नेहमीची वाट. तेवढ्या जोरात वाजवायचं असेल तर ग्रीनबॅकऐवजी ६५ वॅटचा क्रीमबॅक बघा.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा न वाचणे

वॅट सगळे विचारतात, डेसिबल फारसं कोणी विचारत नाही. मिश्रण बिघडतं ते नेमकं इथे. एक वॅट देऊन एक मीटरवर स्पीकर किती मोठा वाजतो, ते हा आकडा सांगतो. सेलेस्टियनच्या आकड्यांनुसार व्हिंटेज ३० आणि अल्निको ब्लू १०० डेसिबलचे, ग्रीनबॅक ९८ चा, तर जी-१२-टी-७५ आणि ६५ वॅटचा क्रीमबॅक ९७ चे. तीन डेसिबलचा फरक किरकोळ वाटतो, पण ९७ वाल्याला १०० वाल्याची बरोबरी करायला दुप्पट पॉवर लागते. समान पॉवरवर तो मागेच राहणार.

मार्शलच्या १९६०ए कॅबचं उदाहरण घ्या. तिच्यात १६ ओहमचे चार जी-१२-टी-७५ असतात. त्यांचा बेस घट्ट, वरचे स्वर धारदार आणि मिड्स आत गेलेले. बँडमध्ये गिटार हरवते ती या मिड्समुळे. म्हणून दोन काढून त्यांच्या जागी दोन व्हिंटेज ३० बसवणं हा जुना, चालणारा उपाय आहे. इथे ३ डेसिबलचा फरक उलट कामी येतो: व्हिंटेज ३० चे मिड्स पुढे येतात आणि टी-७५ खालून आणि वरून आधार देतात. पण निम्मं-निम्मं मिश्रण ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. ही कॅब मुख्यतः व्हिंटेज ३० सारखीच वाजते. नवे स्पीकर १६ ओहमचेच घ्या. कॅबची क्षमता ३०० वरून २४० वॅटवर येते, तेही लक्षात असू द्या.

नवे दोन स्पीकर कर्णरेषेत बसवा: एक वर डावीकडे, दुसरा खाली उजवीकडे. एकाच जातीचे दोन्ही वर ठेवले तर समोर उभ्या माणसाला मुख्यतः तेच ऐकू येतात. याच कॅबच्या मागे मोनो-स्टिरिओ स्विच आहे. तो स्टिरिओवर राहिला आणि एकच जॅक लावला तर दोनच स्पीकर वाजतात. ‘नवे स्पीकर मेलेत’ म्हणत कॅब उघडण्याआधी तो स्विच बघा.

दोघांचं समान मिश्रण हवं असेल तर फरक १ डेसिबलच्या आत ठेवा. अल्निको ब्लूसोबत ३० वॅटचा जी-१२-एच ही त्या दृष्टीने फार छान जोडी आहे, दोन्ही १०० डेसिबलचे. एक चमकदार घंटेसारखा, दुसरा भरीव. पण ब्लू फक्त १५ वॅटचा, म्हणजे कॅब ३० वॅटची. एकाच स्वभावाचे दोन स्पीकर मिसळण्यात अर्थ नाही. एकात जे कमी आहे ते दुसऱ्यात असायला हवं.

खोक्याकडे दुर्लक्ष

तोच स्पीकर मागून उघड्या कॅबमध्ये मोकळा, पसरट वाजतो आणि बंद कॅबमध्ये घट्ट, समोरच्या दिशेने. फेंडरचे कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) उघडे आणि मार्शलचे फोर-बाय-ट्वेल्व्ह बंद, हा फरक स्पीकरच्या ब्रँडपेक्षा मोठा असतो. बेस फुगत असेल तर स्पीकर बदलण्याआधी मागची फळी काढून एकदा वाजवून बघा.

सुताराकडून कॅब करून घेत असाल तर १८ मिलिमीटरचा बर्च प्लाय मागा. स्वस्त प्लायच्या आत पोकळ जागा असतात आणि ठरावीक स्वरावर त्या खरखरतात. एमडीएफ जड असतो, आणि मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात स्क्रूभोवती फुगतो. स्पीकरचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे-थोडे आवळा. एकच बाजू जोरात आवळली की फ्रेम वाकते आणि कॉइल घासू लागते.

छोट्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी

अ‍ॅम्प आणि कॅबच्या मध्ये गिटारची शिल्डेड केबल लावू नका. तिची आतली तार बारीक असते, तापते. १४ किंवा १६ गेजची दोन तारांची स्पीकर केबल लागते.

मॉडेलर (अ‍ॅम्प-कॅबची नक्कल करणारं उपकरण) किंवा मल्टी-इफेक्ट पॉवर अ‍ॅम्पमधून खऱ्या कॅबमध्ये नेत असाल तर त्यातलं कॅब सिम्युलेशन (कॅबच्या आवाजाची नक्कल) बंद करा. नाहीतर कॅबवर कॅब चढते आणि आवाज चादरीखालून आल्यासारखा येतो.

नवा स्पीकर पहिल्या दिवशी कडक आणि टोचरा वाजतो. कोनची कड सैल व्हायला काही तास जोरात वाजवावं लागतं. तोवर परतीचा निर्णय घेऊ नका. आणि ऐकताना कॅब कानाच्या उंचीवर, खुर्चीवर ठेवा. १२ इंची स्पीकरचे वरचे स्वर सरळ रेषेत जातात. जमिनीवर ठेवलेल्या कॅबचे ते तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतात आणि तुम्ही उभ्याने ट्रेबल वाढवत बसता.